नायब शेरीफ : मान एकाचा, भार दुसऱ्याचा



'शेरीफ' हा शब्द कानावर पडला की आपल्या घरांत अनेकांना तो 'शरीफ' या अरबी शब्दाचाच भाऊ वाटतो. मक्केचे शरीफ आपल्याला इतिहासातून ठाऊक असतात, त्यामुळे गैरसमज होणे साहजिक आहे. पण इंग्रजांचा शेरीफ वेगळा. इंग्लंडमध्ये परगण्याला 'शायर' म्हणत आणि राजाच्या कारभाऱ्याला 'रीव्ह'. हे दोन शब्द एकमेकांत मिसळून 'शेरीफ' तयार झाला. हा हुद्दा हजार वर्षांहून जुना आहे. एके काळी परगण्यातला सारा, कैदी, कोर्टाचे हुकूम आणि राजाचे सैन्य हे सगळे शेरीफच्या हाती असे. पुढे एकेक अधिकार दुसरीकडे गेला आणि आज उरला आहे तो बहुतांशी मान.

या महिन्यात आपण त्या मानकऱ्याविषयी थोडे आणि त्याच्या नायबाविषयी जास्त बोलणार आहोत. कारण शेरीफच्या नावाने जे काम चाले, ते शेकडो वर्षे प्रत्यक्षात त्याचा नायब, म्हणजे 'अंडर-शेरीफ' करत आला. मान एकाचा आणि भार दुसऱ्याचा, ही व्यवस्था आपल्या मशिदीच्या ट्रस्टपासून जमातीच्या कमिटीपर्यंत सगळीकडे दिसते. म्हणून हा विषय वाटतो तितका परका नाही.

वर्षाचा मानकरी, वर्षानुवर्षांचा नायब

इंग्लंड आणि वेल्स मिळून ५५ 'हाय शेरीफ' दरवर्षी नेमले जातात. नावे आधी नोव्हेंबर महिन्यात लंडनच्या न्यायालयात वाचली जातात आणि मार्चमध्ये राजा चामड्याच्या लांब गुंडाळीवर लिहिलेल्या नावापाशी टोचणीने भोक पाडतो. शाईची खूण खोडता येते, भोक बुजवता येत नाही! नेमणूक एका वर्षाची असते. पगार नाही आणि खर्चही सरकार देत नाही. मखमली कोट, गुडघ्यापर्यंतची विजार आणि कमरेला तलवार असा जुन्या दरबारचा पोशाख घालून हाय शेरीफ राजघराण्यातल्या पाहुण्यांच्या स्वागताला आणि हायकोर्टाच्या न्यायाधीशांच्या सन्मानाला हजर राहतो. अलीकडच्या काळात पोलीस, तुरुंग, स्वयंसेवी संस्था यांच्या कामाला पाठबळ देणे हाही त्याच्या वर्षाचा मोठा भाग झाला आहे.

निवडणुकीतही असेच. संसदेच्या अनेक मतदारसंघांत कायद्याने निवडणूक अधिकारी हाय शेरीफ असतो, पण मतपत्रिका, मतदान केंद्रे, मोजणी हा सगळा व्याप स्थानिक नगरपालिकेचा अधिकारी 'कार्यकारी' म्हणून सांभाळतो. हाय शेरीफने फार तर निकाल वाचून दाखवायचा.

मग वर्षभरासाठी आलेल्या या माणसाला कोणता कागद कधी करायचा, शपथ कोणासमोर घ्यायची, न्यायाधीश आले तर काय शिष्टाचार पाळायचा, हे कोण सांगणार? ते सांगतो अंडर-शेरीफ. तो बहुधा पेशाने वकील असतो. हाय शेरीफ दरवर्षी बदलतो, पण नायब तोच राहतो. कित्येक परगण्यांत एकाच वकिली पेढीकडे हे काम वर्षानुवर्षे असते. १८८७ च्या शेरीफ कायद्याने तर लिहूनच ठेवले होते की नेमणुकीनंतर एक महिन्याच्या आत शेरीफने लायक माणसाला लेखी आपला नायब नेमावा. शेरीफ मुदतीतच वारला तर नायबाने त्याच्याच नावाने काम पुढे चालवावे आणि त्या कामाचा जाबही द्यावा, अशीही तरतूद त्यात होती. मालक गेला तरी कारभार थांबू नये, हा त्यामागचा विचार.

दारावरची थाप

हे सगळे ऐकून वाटेल, की नायब म्हणजे समारंभाचा व्यवस्थापक. आज बहुतेक तेच काम उरले आहे. पण २००४ पर्यंत गोष्ट निराळी होती.

हायकोर्टाने पैशाचा हुकूमनामा दिला आणि ऋणकोने पैसे भरले नाहीत, तर वसुलीचा हुकूम परगण्याच्या शेरीफच्या नावे निघे. माल जप्त करा, विका आणि पैसे द्या. घराचा ताबा घ्यायचा असेल तर तोही हुकूम त्याच्याच नावे. मखमली कोटातला शेरीफ अर्थातच कोणाच्या दारात उभा राहत नसे. हुकूम अंडर-शेरीफच्या कचेरीत येई आणि त्याच्या हाताखालचे बेलीफ दार ठोठावत. ज्याच्या घरातले कपाट बाहेर निघे, त्या माणसासाठी शेरीफ म्हणजे तो बेलीफच!

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे जबाबदारी. नायबाने किंवा बेलीफाने चूक केली, भलत्याचाच माल उचलला, तर कायद्याने भरपाई शेरीफकडे मागता येई. जुन्या काळी कर्जासाठी कैद होत असे. असा कैदी शेरीफच्या ताब्यातून निसटला तर त्याचे कर्ज शेरीफच्या गळ्यात पडू शकत असे. म्हणून शेरीफ आपल्या नायबाकडून आधीच लेखी हमी घेई, की तुझ्या चुकीने माझे नुकसान झाले तर ते तू भरून दे. नायब तशीच हमी बेलीफाकडून घेई. जबाबदारी अशी एकेक पायरी खाली उतरे आणि प्रत्येक पायरीवर सक्ती थोडी वाढत जाई. बेलीफ कर्जदाराला आपल्याच घरात कोंडून ठेवत आणि तिथल्या खाण्यापिण्याचेही अवाच्या सवा पैसे उकळत. इंग्रजी कादंबऱ्यांत अशा घरांची वर्णने जागोजाग येतात. कर्जासाठीची कैद १८६९ च्या कायद्याने बहुतांशी बंद झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे कमाई. शेरीफला पगार नव्हता, पण वसुलीच्या कामाला फी होती आणि वसूल रकमेवर टक्केवारीही मिळे. नायबाची कचेरी त्यावरच चाले. जो जप्ती करतो त्याचीच कमाई जप्तीवर अवलंबून असेल, तर त्याचा हात हलका कसा राहणार? हा धोका इंग्रजांनाही फार पूर्वी कळला होता. चौदाव्या-पंधराव्या शतकातच असे कायदे झाले, की नायबाने एका वर्षाहून जास्त काळ या जागी राहू नये आणि या जागी असताना वकिली करू नये. हेतू चांगला होता, पण पळवाटा काढल्या गेल्या. गंमत अशी की ज्या कामावर असलेल्याने वकिली करू नये असे तेव्हा ठरले होते, ते काम पुढे वकिलांचेच होऊन बसले.

चार पौंडांची कथा

नायबाच्या वाट्याला आणखी एक काम होते आणि ते सांगताना मन जड होते. फाशीची शिक्षा अंमलात आणणे ही कायद्याने शेरीफची जबाबदारी होती. प्रत्यक्षात तारीख कळवणे, फाशी देणाऱ्याला पत्र लिहून बोलावणे, त्याचे पैसे चुकते करणे हे सगळे शेरीफच्या कचेरीतून नायबच पाहत असे आणि त्या सकाळी तुरुंगात हजरही राहत असे.

अल्बर्ट पिअरपॉइंट हा ब्रिटनचा सर्वांत प्रसिद्ध फाशी देणारा. जानेवारी १९५६ मध्ये त्याला मँचेस्टरच्या तुरुंगात बोलावले होते. तो पोहोचला, तयारी केली, आणि ऐन वेळी कैद्याची शिक्षा कमी झाल्याचा हुकूम आला. बाहेर बर्फ पडत होते, त्याला रात्री हॉटेलात राहावे लागले. त्याची ठरलेली फी १५ पौंड होती. फाशी झाली नाही म्हणून शेरीफच्या कचेरीने त्याला आधी एक पौंड आणि त्याने तक्रार केल्यावर चार पौंड देऊ केले. त्याने राजीनामा दिला.

विचार करा, एका माणसाचा जीव वाचला आणि मागे पत्रव्यवहार उरला तो चार पौंडांचा! यात कोणी राक्षस नव्हता. कचेरी होती, नियम होता, हिशोब होता. दुसऱ्याच्या नावाने काम करताना माणसाचे मन असेच हळूहळू कागदात गुंडाळले जाते. ब्रिटनमधल्या शेवटच्या फाशा १३ ऑगस्ट १९६४ रोजी झाल्या. पुढच्याच वर्षी खुनासाठीची फाशी थांबवणारा कायदा झाला.

२००३ च्या कोर्ट कायद्याने वसुलीचे कामही शेरीफकडून काढले. १ एप्रिल २००४ पासून ते 'हायकोर्ट एन्फोर्समेंट ऑफिसर' नावाच्या नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांतले कित्येक जण आधी अंडर-शेरीफच्या किंवा त्याच्या बेलीफांच्याच कचेऱ्यांतले होते. नाव बदलले, दारावरची थाप राहिली.

मुंबईचा शेरीफ आणि आपला नाझर

हा हुद्दा इंग्रजांबरोबर आपल्याकडेही आला. मुंबईत एका वर्षासाठी शेरीफ नेमण्याची परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड शेरीफ झाले होते. १९८० मध्ये हा मान युसूफ खान यांना, म्हणजे आपल्या दिलीपकुमार यांना मिळाला. पाहुण्यांचे स्वागत करणारे शेरीफ लोकांना माहीत असतात, पण हायकोर्टाच्या इमारतीतली शेरीफची कचेरी फारशी कोणाला माहीत नसते. तिथे नायब शेरीफ आणि त्यांचे कर्मचारी हायकोर्टाच्या जप्तीचे वॉरंट बजावतात. कर्जापायी बंदरात अडवलेले जहाजसुद्धा शेरीफच्या नावाच्या हुकुमानेच अडवले जाते.

जिल्ह्यात मात्र शेरीफ नाही. तिथे दिवाणी कोर्टात 'नाझर' असतो. हा शब्द खरोखरच अरबी आहे. नाझिर म्हणजे नजर ठेवणारा, देखरेख करणारा. वॉरंट आणि समन्स बेलीफांना वाटून देणे, जप्त केलेल्या मालाचा आणि जमा पैशांचा हिशोब ठेवणे ही त्याची कामे. 'नायब' हाही अरबीच शब्द आणि तो आपल्या नायब तहसीलदारांत रोज भेटतो. थोडक्यात, दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा आणि नजर ठेवणारा, या दोन्ही कामांची नावे आपल्याच शब्दकोशातली आहेत.

घरच्यांनी जाणून घ्यायच्या गोष्टी

कोकणातल्या अनेक घरांतली मुले-मुली आज ब्रिटनमध्ये राहतात. इथेही कर्ज, जामीनकी आणि दरखास्त ही काही दूरची गोष्ट नाही. म्हणून दारावर थाप पडली तर काय, ते थोडक्यात पाहू.

इंग्लंडमध्ये साध्या दिवाणी कर्जासाठी वसुली अधिकाऱ्याने आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नंतर सात पूर्ण दिवस थांबावे लागते. तो सकाळी ६ ते रात्री ९ या वेळेतच येऊ शकतो. पहिल्या खेपेला राहत्या घराचे दार तोडून त्याला आत शिरता येत नाही. घरात फक्त १६ वर्षांखालील मुले असतील तर त्याने आत जायचे नाही. कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची शेगडी, फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र या घरगुती गरजेच्या वस्तू आणि धंद्याची हत्यारे (१,३५० पौंडांपर्यंतची) त्याला उचलता येत नाहीत. ओळखपत्र मागणे हा तुमचा हक्क आहे. सल्ल्यासाठी तिथे 'सिटिझन्स अॅडव्हाइस' ही संस्था विनामूल्य मदत करते. सर्वांत मोठी चूक म्हणजे आलेले पाकीट न उघडणे. नोटिशीच्या दिवसांतच हप्ते ठरवता येतात, थाप पडल्यावर खर्च वाढतो.

आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही अशीच मर्यादा आहे. कलम ६० प्रमाणे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याचे राहते घर आणि धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने जप्त होत नाहीत. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, हे कलम ५६ सांगते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बेलीफ राहत्या घरात शिरू शकत नाही. बाहेरचे दार तोडता येते ते ऋणको स्वतः तिथे राहत असेल आणि आत येऊ देत नसेल तरच. पडद्यात राहणारी स्त्री एखाद्या खोलीत असेल, तर तिला बाहेर जाण्याची सूचना आणि पुरेसा वेळ दिल्याशिवाय त्या खोलीत जाता येत नाही, असे कलम ६२ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. घर बँकेकडे गहाण असेल तर मात्र बँकेचा वेगळा कायदा लागू होतो, तिथे या सवलतींवर विसंबू नये.

पवित्र कुरआनच्या सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात सलाम करून आणि परवानगी घेऊनच जाण्याची शिकवण आहे. इंग्लंडच्या न्यायाधीशांनीही १६०४ मध्ये एका प्रसिद्ध निकालात शेरीफला सांगितले, की खाजगी देण्यासाठी कोणाचे घर फोडून आत जाऊ नकोस, आणि राजाचे काम असले तरी आधी आपले येणे कळव आणि दार उघडण्याची विनंती कर. घराच्या उंबऱ्याची आब राखली पाहिजे, हे सगळ्यांनाच पटलेले आहे.

आणखी एक गोष्ट बहिणींसाठी. नवऱ्याच्या कर्जासाठी बायकोची वस्तू उचलता येत नाही. आपल्या शरीअतमध्ये तर मेहर, माहेरचा दागिना, स्वतःची कमाई ही पूर्णपणे स्त्रीचीच मालमत्ता आहे. पण दारात आलेल्या बेलीफाला कोणती वस्तू कोणाची हे कसे कळणार? अंडर-शेरीफच्या काळी असा वाद निघाला की तो कोर्टाकडे जाई आणि कोर्ट ठरवी. आपल्याकडेही जप्तीवर हरकत घेता येते, त्यासाठी संहितेच्या आदेश २१ मध्ये नियम ५८ आहे. तिथे तोंडी सांगणे पुरत नाही, कागद लागतो. म्हणून दागिन्याची पावती, शिलाई मशीनचे बिल आपल्या नावाने घ्या आणि निकाहनाम्याची प्रत जपून ठेवा. यात नवऱ्यावर अविश्वास नाही, आपल्या हक्काची नोंद आहे.

आणि देणे लागत असेल तर ते फेडणे हेच पहिले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ऐपत असताना टाळाटाळ करण्याला जुल्म म्हटले आहे. एका मय्यतीवर कर्ज असल्याचे कळले तेव्हा ते स्वतः नमाज पढवायला थांबले आणि एका सहाबींनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतल्यावरच पुढे झाले. दुसऱ्या बाजूला, खरोखर अडचणीत असलेल्या कर्जदाराला सवलत द्यावी आणि सोडून देता आले तर ते अधिक चांगले, हे सूरह बकराने धनकोला सांगितले आहे. कायदा या दोघांच्या मधे बेलीफ उभा करतो, दीन दोघांच्याही मनाला हाक मारतो.

जाब कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नाव एकाचे आणि काम दुसऱ्याचे असेल तर जाब कोणी द्यायचा?

आपल्या फिकहमध्ये वकालतीचा नियम स्वच्छ आहे. वकील, म्हणजे मुखत्यार, नेमून दिलेल्या हद्दीत जे करतो ते नेमणाऱ्याने केले असे धरले जाते. वकील स्वतः अमानतदार असतो. त्याने हलगर्जी केली किंवा हद्द ओलांडली, तर नुकसानीचा भार त्याच्यावर. म्हणजे नेमणारा 'मला काय माहीत' म्हणून सुटत नाही आणि नेमलेला 'मी तर हुकमाचा ताबेदार' म्हणूनही सुटत नाही.

कमाईविषयीही शिकवण तितकीच थेट आहे. जकात गोळा करायला पाठवलेल्या एका माणसाने परतल्यावर सांगितले, की हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले, हा आपल्या आई-बापाच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी त्याच्याकडे चालत आल्या असत्या का? हुद्द्यामुळे जे मिळते ते हुद्द्याचे असते, माणसाचे नसते. हजरत उमर (रजि.) आपल्या सुभेदारांच्या मालमत्तेचा हिशोब घेत, तो याच कारणाने. इंग्लंडला टक्केवारीवर चालणाऱ्या नायबाचा प्रश्न जाणवायला आणि मग सोडवायला किती शतके लागली ते आपण वर पाहिलेच.

आपल्या आसपास बघा. मशिदीच्या ट्रस्टचा अध्यक्ष मानाचा, पण भाडेकरूंच्या पावत्या, दुरुस्तीची बिले, मदरशाचा निधी मुन्शी किंवा सेक्रेटरी सांभाळतो. अध्यक्ष दर तीन वर्षांनी बदलतो, मुन्शी तोच असतो. त्याच्या ज्ञानावर सगळ्यांचे काम चालते आणि त्याच्या चुकीचे खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचे हे कोणालाच ठाऊक नसते. शेरीफच्या इतिहासातून आपण तीन साध्या गोष्टी घेऊ शकतो. नायबाची नेमणूक तोंडी न करता लेखी करा आणि त्याच्या अधिकाराची हद्द त्यात लिहा. त्याचा मोबदला ठरवून द्या, वसुलीच्या टक्क्यावर सोडू नका. आणि वर्षातून एकदा तरी मानकऱ्याने स्वतः हिशोबाची वही उघडून वाचा, नुसती सही करू नका.

घरातही हेच आहे. आजारी वडिलांच्या वतीने बँकेत जाणारा मुलगा, परदेशातल्या भावाच्या जमिनीचे मुखत्यारपत्र घेतलेला दुसरा भाऊ, बेवा बहिणीची पेन्शन काढून आणणारा भाचा हे सगळे कोणाचे ना कोणाचे नायब आहेत. त्यांच्या हातातला कागद दुसऱ्याच्या नावाचा असतो. तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या राखणीचा जाब विचारला जाईल, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. ज्याच्या घरी असे मुखत्यारपत्र पडून असेल त्याने या महिन्यात ते काढून वाचावे, आपली हद्द कुठे संपते ते पाहावे आणि ज्याचे काम आपण करतो त्याला एकदा बसून पूर्ण हिशोब सांगावा. अल्लाह आपल्याला अमानत नीट पोहोचवण्याची तौफिक देवो. आमीन.